शिक्का कोणाच्या हाती?

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी हे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत या गावच्या ग्रामपंचायतीच्या नावे, जन्म-मृत्यू नोंदणीच्या संगणक प्रणालीत, २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. दीड हजार वस्तीच्या गावात तीन महिन्यांत किती पाळणे हलतील, याचा हिशेब शाळकरी पोरही करील. परंतु तो हिशेब त्या तीन महिन्यांत ना प्रणालीने केला, ना ती चालविणाऱ्यांनी. पुढे गुन्हा नोंदवला गेला, विशेष तपास पथक नेमले गेले, वृत्तपत्रांत मथळे झळकले. अपराधी कोण, हे ठरविणे तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे. त्याचा निवाडा नियतकालिकाच्या पानांवर व्हावयाचा नाही. मात्र या प्रकरणाने उपस्थित केलेला प्रश्न एका गावापुरता नाही. तो महाराष्ट्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा आणि महानगरपालिकेचा आहे. गावाच्या नावाने उमटणारा शिक्का आज नेमका कोणाच्या हाती आहे?

या प्रश्नाकडे 'तांत्रिक बिघाड' म्हणून पाहणे हा आत्मघात ठरेल. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली झालेली सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवसापासून जन्मलेल्या प्रत्येकासाठी शाळाप्रवेश, वाहनचालक परवाना, मतदारयादीतील नाव, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सर्वांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच एक कागद प्रमाण मानला जातो. ज्या दाखल्याला काल-परवापर्यंत 'शाळेत लागतो तो कागद' एवढेच मोल होते, तो आता राष्ट्राच्या नागरी जीवनाचे महाद्वार झाला आहे. त्या महाद्वाराची किल्ली ज्याच्या कमरेला, तो मनात आणील तर परकीय घुसखोराला या भूमीचा सुपुत्र ठरवील आणि खऱ्या भूमिपुत्राला दारात ताटकळत ठेवील. सीमेवर जवान डोळ्यांत तेल घालून पहारा देत असताना गावच्या चावडीवरील संगणक उघडा पडलेला असेल, तर त्या पहाऱ्याला काय अर्थ उरतो?

दोन भाबड्या बाजू

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या संगणकीकरणाविषयी आपल्याकडे दोन ठरावीक सूर ऐकू येतात. एक सूर उत्सवाचा. अमुक इतक्या सेवा 'ऑनलाईन' झाल्या, तमुक इतक्या अर्जांचा निपटारा झाला, अमक्या कार्यालयाला तमके मानांकन मिळाले, अशी आकड्यांची आरास मांडली की या मंडळींच्या लेखी क्रांती पूर्ण होते. दुसरा सूर कुरकुरीचा. 'गरिबाच्या पोटाला भाकरी हवी, संगणक कशाला?' असा सवाल करून ही मंडळी हात झटकतात. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात बँका आणि विमा कार्यालयांत संगणक येऊ लागले तेव्हा सर्व रंगांच्या कामगार संघटनांनी विरोधाचे झेंडे उभारले होते. संगणक आला, नोकऱ्यांचे स्वरूप बदलले, बँकेतील रांग ओसरली. आज त्या विरोधाची कोणी आठवणही काढीत नाही.

कुरकुरणाऱ्यांना उत्तर देणे सोपे आहे. ते उत्तर महाराष्ट्रातील सामान्य शेतकऱ्याने स्वतःच देऊन ठेवले आहे. सातबाराच्या उताऱ्यासाठी सज्जाच्या गावी हेलपाटे घालणे, तलाठी भेटला तर दप्तर नाही आणि दप्तर असले तर तलाठी नाही, हा अनुभव ज्याने घेतला त्याला संगणकाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. २०१८च्या महाराष्ट्रदिनी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि पंधरा रुपयांत, कोणाच्याही पुढे हात न जोडता, तो घरबसल्या मिळू लागला. हे पंधरा रुपये फार मोलाचे आहेत. कारण त्यांच्यावर 'चहापाण्याचा' अधिभार नाही. 'संगणक गरिबाच्या काय कामाचा?' असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की अडवणुकीचा सर्वांत मोठा बळी गरीबच असतो. श्रीमंताचे काम पूर्वीही अडत नव्हते.

आणि हे केवळ शहरांचे, सुखवस्तूंचे कौतुक आहे असेही नाही. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील, सातपुड्याच्या कुशीतील रोहिणी या वनवासीबहुल गावाच्या ग्रामपंचायतीने २०२५ साली ई-प्रशासनाचा राष्ट्रीय सुवर्ण पुरस्कार पटकावला. मोठमोठ्या महानगरपालिका जेथे पोहोचल्या नाहीत तेथे एक सीमावर्ती खेडे पोहोचले. सामर्थ्य निधीत नसते, निर्धारात असते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

उत्सव करणाऱ्यांना उत्तर देणे मात्र अवघड आहे. ते खोटे बोलत नाहीत. ते अर्धे बोलतात. उरलेले अर्धे बोलणे हे राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

'साहेब दौऱ्यावर' ते 'सर्व्हर डाऊन'

महाराष्ट्र या वाटेवर आज निघालेला नाही. १९९८ साली वारणा खोऱ्यातील सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रयोग झाला, तेव्हा देशातील अनेक शहरांत महाजालाचे नावही ठाऊक नव्हते. शतक पालटण्याच्या सुमारास कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने करभरणा, दाखले, तक्रारी एकाच छताखाली आणणारे नागरी सुविधा केंद्र उभारले आणि पुढे राज्यातील अन्य पालिकांनी तो कित्ता गिरविला. २००६ साली केंद्राने राष्ट्रीय ई-प्रशासन योजना आणली. २०११ साली ग्रामपंचायतींसाठी 'संग्राम' प्रकल्प आला; तो संपल्यावर २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रे' आली. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ हा यज्ञ चालू आहे. एवढ्या काळात जे पदरात पडावयास हवे होते, ते पडले आहे का?

पूर्वी कार्यालयात गेले की 'साहेब दौऱ्यावर आहेत' असे उत्तर मिळे. आता 'सर्व्हर डाऊन आहे' असे मिळते. फरक एवढाच, की दौऱ्यावरचे साहेब कधीतरी परत येत आणि त्यांना तोंडावर जाब विचारता येई. सर्व्हरला तोंड नाही, हुद्दा नाही, बदलीची भीती नाही. अर्ज 'प्रलंबित' दिसतो. तो कोणापाशी, का, किती दिवस प्रलंबित आहे याचे उत्तर समोर बसलेल्या परिचालकाकडे नसते, कारण ते अधिकार त्याला नसतात. ज्याला अधिकार आहेत तो पडद्याआड असतो. लाल फितीची जागा पडद्यावर गरगरणाऱ्या चक्राने घेतली, तर त्याला सुधारणा म्हणावयाचे की वेषांतर?

वास्तविक कायदा नागरिकाच्या बाजूने उभा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्याने नागरिकाचा हक्क केला आहे. मुदतीत सेवा मिळाली नाही, तर पहिले व दुसरे अपील वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे आणि तिसरे थेट आयोगाकडे करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सेवांची यादी, मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद कार्यालयात दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. किती ग्रामपंचायतींच्या भिंतींवर हा फलक वाचता येईल अशा जागी आहे? किती नागरिकांनी कधी पहिले अपील तरी केले आहे? हक्क कागदावर आणि याचना ओठांवर, ही गुलामगिरीची सवय आहे. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे लोटली तरी ती गेलेली नाही.

खर्च गावाचा, किल्ली दुसऱ्याची

या साऱ्या व्यवहारातील सर्वांत खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. १९९२च्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला 'स्वराज्याच्या संस्था' म्हटले. अकराव्या अनुसूचीत २९ आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय त्यांच्यासाठी सांगितले. परंतु संगणकीकरणाचा प्रत्यक्ष व्यवहार पाहा. आज्ञावली कोणती, हे वर ठरते. ठेका कोणाला, हे वर ठरते. विदा कोठे साठवायची, ती कोण पाहू शकेल, हेही वर ठरते. गावाकडे उरते काय? वित्त आयोगाच्या निधीतून केंद्राचा खर्च भागविणे आणि प्रणाली बंद पडली की ग्रामस्थांच्या शिव्या खाणे. गावाच्या विकासासाठी आलेला पैसा गावाबाहेरच्या कंत्राटाकडे वळतो आणि त्याच गावच्या केंद्रावर राबणारा संगणक परिचालक तुटपुंज्या आणि तेही थकलेल्या मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरून बसतो. हे चित्र महाराष्ट्राने एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

येथेच शेंदुरसनीचा धागा पुन्हा हाती घ्यावा लागतो. ज्या परिचालकाला वेळेवर मानधन नाही, नोकरीची शाश्वती नाही, त्याच्याच टेबलाच्या खणात बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीची डिजिटल स्वाक्षरी पडलेली असते. अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावांचा कार्यभार. रोज प्रत्येक गावी जाणे त्याला अशक्य. म्हणून 'तूच कर रे' म्हणून डोंगल आणि पासवर्ड सुपूर्द केला जातो. भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपीही दूरध्वनीवरूनच सांगितला जातो. यात प्रत्येक वेळी कुहेतू असतोच असे नाही. बहुधा सोयच असते. परंतु राजमुद्रा अशी वाटेवर ठेवून कोणत्या राज्याचा कारभार चालला आहे? शिवकाळात पत्र पुरे झाले की मर्यादेचा शिक्का उमटे आणि त्यानंतर एक अक्षर वाढविण्याची कोणाची प्राज्ञा नसे. मर्यादा या शब्दातच त्या व्यवस्थेचा प्राण होता. आजच्या डिजिटल शिक्क्याला तंत्रज्ञानाने अभेद्य कुलूप दिले. आम्ही किल्ली त्याच कुलपाला टांगून ठेवली.

शहरे याहून सुरक्षित आहेत असा भ्रम कोणी बाळगू नये. २०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. २०२२ साली दिल्लीच्या 'एम्स'सारख्या अग्रगण्य रुग्णालयाचे संगणक अशाच हल्ल्याने ठप्प झाले आणि अनेक दिवस कारभार पुन्हा कागद-लेखणीवर आणावा लागला. राजधानीतील संस्थेची ही अवस्था, तर तालुक्याच्या नगरपरिषदेत वर्षानुवर्षे न बदललेला पासवर्ड कोणाला थोपविणार आहे?

याहून गंभीर बाब म्हणजे लोकप्रतिनिधींची अनुपस्थिती कोणाला जाणवेनाशी होणे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. पावणेचार वर्षांहून अधिक काळ देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या हाती होती. राज्यातील अन्य अनेक पालिकांची आणि जिल्हा परिषदांचीही कथा फारशी निराळी नाही. या काळात कर 'ऑनलाईन' भरले जात होते, दाखले मिळत होते, तक्रारी नोंदविल्या जात होत्या. 'काम होते आहे ना, मग नगरसेवक हवेत कशाला?' हा प्रश्न सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांत सहज विचारला गेला. हा प्रश्नच धोक्याची घंटा आहे. दाखला मिळणे म्हणजे सुविधा. दाखल्याचे नियम कोणी करावेत हे ठरविण्याचा अधिकार म्हणजे स्वराज्य. सुविधेच्या मोबदल्यात स्वराज्य विसरणारा समाज उत्तम ग्राहक होईल, नागरिक राहणार नाही.

ज्ञानदेवाचा 'द्न्यानदेव'

भाषेचा प्रश्न अनेकांना भावनिक वाटतो. तो किती रोकडा आहे, हे एका नावावरून पाहावे. सातबारावर 'ज्ञानदेव' असे नाव असते. इंग्रजी लिपीत ते कोणी 'डी'ने लिहितो, कोणी 'जी'ने. पुढे दुसरी एखादी प्रणाली त्याच इंग्रजी अक्षरांचे यांत्रिक लिप्यंतर करते आणि आधारपत्रावर 'द्न्यानदेव' अवतरतो. कांबळे, टिळक, गाडगीळ यांच्यातील 'ळ' इंग्रजीत जाऊन परत येताना वाटेत हरवतो. मग दोन्ही नोंदी जुळत नाहीत म्हणून अनुदान अडते, वारसनोंद अडते, आणि ज्याने आयुष्यभर आपले नाव शुद्ध लिहिले त्या वृद्धाला प्रतिज्ञापत्र करून सिद्ध करावे लागते की तो तोच आहे. आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत, आपल्याच नावाची साक्ष! परभाषेच्या मापाने स्वजनांची नावे मोजली की असेच व्हायचे.

हे टाळता येण्याजोगे होते. भारतीय लिप्यांसाठी संगणकीय मानक १९९१ सालीच तयार झाले होते आणि त्या कामात पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेचा वाटा मोठा होता. पुढे युनिकोड आले. परंतु त्या आधीच्या वर्षांत आणि नंतरही कार्यालयाकार्यालयांतून निरनिराळे, परस्परांशी न जुळणारे टंक वापरले गेले. एका यंत्रावर मराठीत टंकलेली नोंद दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसली. साधने होती, शिस्त नव्हती.

राज्याभिषेकाच्या सुमारास, राज्य चहूबाजूंनी शत्रूंनी वेढलेले असताना, शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. फारसी शब्दांच्या जागी स्वभाषेतील शब्द रूढ करावयाचे, याला त्यांनी गड जिंकण्याइतकेच निकडीचे मानले. कारण कारभाराची भाषा ज्याची, कारभार त्याचा, हे ते जाणून होते. महाराष्ट्र विधिमंडळाने २०२२ साली स्थानिक प्राधिकरणांचा कारभार मराठीतून करणे बंधनकारक करणारा कायदा केला. कायद्याचे स्वागतच आहे. परंतु किती पालिकांच्या संकेतस्थळांवर मुखपृष्ठ मराठी आणि आत गेल्यावर अर्ज इंग्रजी, हा खाक्या आजही चालू आहे? आणि जेथे मराठी आहे तेथेही ती अशी, की अर्थ कळण्यासाठी इंग्रजी पान उघडावे लागते. यंत्राने भाषांतरित केलेली मराठी ही मराठी नव्हे. ती मराठीची विटंबना आहे.

दारातील परका दरवान

२०२५च्या जानेवारीत आंध्र प्रदेशाने व्हॉट्सॲपवरून शेकडाहून अधिक सरकारी सेवा देण्यास प्रारंभ केला. त्यापाठोपाठ फेब्रुवारीत महाराष्ट्रानेही 'आपले सरकार'च्या सेवांसाठी त्याच परदेशी कंपनीशी करार केला. सोयीच्या दृष्टीने विचार करता यात चूक काढणे कठीण. लोक जेथे आहेत तेथे शासनाने जावे, हे सूत्र योग्यच. परंतु परक्या कंपनीचे अंगण हे लोक जमण्याचे ठिकाण असू शकते, सरकारची कचेरी नव्हे. दाखल्यासाठी येणाऱ्या कोट्यवधी नागरिकांची वाट एका परदेशी दरवानाच्या दारातून जाणार असेल, तर उद्या त्याने दाराचे नियम बदलले, शुल्क लावले, वा त्याच्या देशाने डोळे वटारले, तर पर्याय काय? ज्या देशाने २०१६ साली यूपीआयसारखी स्वतःची देयक व्यवस्था उभी केली आणि पानटपरीपासून पंचतारांकित हॉटेलापर्यंत पोहोचविली, त्या देशाला ही परावलंबिता शोभत नाही. येथे प्रश्न बुद्धिमत्तेचा नाही. घाईचा आहे. परक्या दारातून जाणारी वाट एक सोय म्हणून असावी; एकमेव वाट म्हणून कदापि नसावी.

शेवटच्या माणसाच्या बाबतीत तर याहून अधिक सावध राहावे लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीनुसार देशात केवळ ३३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी महाजालाचा वापर केला होता. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. मधल्या काळात चित्र सुधारले आहे, परंतु 'सर्व काही भ्रमणध्वनीवर' असा आग्रह धरणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. सर्व ग्रामपंचायतींना तंतुप्रकाशीय जाळ्याने जोडण्याचा संकल्प २०११ साली सोडला गेला. त्याच्या मुदती पुन्हा पुन्हा उलटल्या आणि २०२३ साली सुमारे १ लाख ४० हजार कोटींची सुधारित योजना मंजूर करावी लागली. डोंगरपाड्यावरील विधवेला निराधार योजनेच्या अर्जासाठी ज्या दिवशी मजुरी बुडवून, उधारीने प्रवासभाडे काढून तालुक्याला जावे लागणार नाही, त्या दिवशी अंत्योदय साधेल. पुरस्कार मिळालेल्या दिवशी नव्हे.

महजराची परंपरा

मग उपाय काय? तो परक्या देशातून आणण्याची गरज नाही. या मातीत गावच्या नोंदीची एक तेजस्वी परंपरा होती. वतनाचा वा जमिनीचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर सर्वांसमक्ष लिहिला जाई. त्यावर पाटलाचा नांगर, सुताराचे किकरे, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांचीही निशाणी त्या कागदावर असे. त्या व्यवस्थेत दोष होते, विषमता होती. तिचे आंधळे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. परंतु तिचे एक तत्त्व आजही लाखमोलाचे आहे: गावाची नोंद गावासमोर व्हावी.

हे तत्त्व संगणकाशी जोडणे मुळीच अवघड नाही. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयास हव्यात. प्रत्येक ग्रामसभेत संगणकातील नोंदींचा गोषवारा मोठ्याने वाचला जावा: या तिमाहीत जन्म किती, मृत्यू किती, अर्ज किती आले, किती निकाली निघाले, किती अडले आणि कोणाच्या टेबलावर अडले. शेंदुरसनीत असे वाचन होण्याची रीत असती, तर सत्तावीस हजारांचा आकडा ऐकून पारावरच्या म्हाताऱ्यानेच 'हे कसे?' म्हणून हटकले असते. कोट्यवधी रुपयांची सुरक्षाप्रणाली जे करू शकली नाही, ते गावाचे सामूहिक शहाणपण करू शकते.

शासनाकडे करावयाच्या मागण्याही स्पष्ट आहेत. डिजिटल स्वाक्षरी ज्याची, तिचा वापर त्यानेच करावा आणि त्यासाठी एका अधिकाऱ्याकडील गावांचा बोजा कमी करावा. परिचालकाला नियमित आणि सन्मानाचे वेतन मिळावे. ज्याच्या हाती गावाची गुपिते, त्याला उपाशी ठेवणे हा मूर्खपणा आहे. नोंदीचा आकडा गावाच्या वस्तीशी विसंगत वाढताच प्रणालीने स्वतःच थांबून जिल्ह्याला इशारा द्यावा. नकार द्यावयाचा तर कारणासह, मराठीत आणि अपिलाचा मार्ग सांगून द्यावा. जी माहिती शासनाकडे आधीच आहे ती नागरिकाकडे पुन्हा मागू नये. आणि ज्याला यंत्र जमत नाही त्याच्यासाठी खिडकी उघडी असावी. तिच्यामागे माणूस असावा.

परंतु सर्व काही शासनाने करावे अशी अपेक्षा ठेवणे हेही परावलंबनच. गावोगावी, वस्तीवस्तीत कार्यरत असलेल्या कार्यकर्त्याला येथे सेवेचे विस्तीर्ण क्षेत्र खुले आहे. आठवड्यातून एक सायंकाळ गावच्या देवळाच्या सभामंडपात वा समाजमंदिरात बसून वृद्धांचे, विधवांचे, निरक्षरांचे अर्ज भरून देणे, पोच हाती ठेवणे, मुदत टळली की पहिले अपील लिहून देणे, यासाठी निधी लागत नाही, पदही लागत नाही. सुशिक्षित घरातील महाविद्यालयीन मुला-मुलींना आपल्या भ्रमणध्वनीचा याहून सुंदर उपयोग कोणता सापडेल? मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. अर्जदार कोणत्या जातीचा, पंथाचा, पक्षाचा हे विचारावयाचे नाही. आणि दुसऱ्याचा ओटीपी, दुसऱ्याचा कागद आपल्याजवळ क्षणभरही ठेवावयाचा नाही. विश्वास हे सेवाकार्याचे भांडवल आहे. ते एकदा उधळले की पुन्हा जमा होत नाही.

ग्रामपंचायतीच्या दारात संगणक आला म्हणून स्वराज्य आपोआप आले, असे होत नाही. संगणक हे अवजार आहे. नांगर आपल्या हाती असेल तर शेत आपले, दुसऱ्याच्या हाती असेल तर आपण त्याच शेतातले मजूर. गावाचा शिक्का गावाच्या हाती, गावाच्या भाषेत, गावाच्या डोळ्यांसमोर उमटला पाहिजे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर नोंदींच्या वाचनाचा एक विषय घालण्यासाठी एक साधा अर्ज पुरेसा आहे. तो लिहिणारे हात गावोगावी उभे राहावेत, हीच आजची निकड आहे.